आधी डेटा विचारतो, तो माणूस धरा

विचारणाऱ्या ताई नाशिकच्या इंदिरानगरात राहतात. निवृत्त आहेत आणि सोसायटीचे हिशेब बघतात. २०१९ साली घेतलेला लॅपटॉप, त्यात हे हिशेब आणि नातवंडांचे सगळे फोटो. सुरू व्हायलाच दहा मिनिटं घेतो. गेल्या आठवड्यात पडदाभर लाल खिडकी आली, भोंगा वाजायला लागला आणि ‘संगणकात व्हायरस आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा’ असं बजावू लागली. घाबरून त्यांनी बटण दाबून लॅपटॉप बंद केला. पुण्याचा भाचा फोनवर म्हणतो, ‘मावशी, सरळ फॉर्मॅट मार’, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाक. शेजारचे म्हणतात, एम.जी. रोडला दुकानात नेऊन टाका. ताईंचा प्रश्न असा: नाशिकमध्ये भरवशाचा माणूस कसा शोधायचा, त्याला घरी बोलवायचं की मशीन दुकानात न्यायचं, आणि फॉर्मॅट करावंच लागेल का?

ताई, त्या नंबरवर तुम्ही फोन केला नाहीत, तिथेच निम्मं काम झालं. उरलेल्या निम्म्याबद्दल सविस्तर सांगतो. वीस-बावीस वर्षं संगणक दुरुस्तीचाच धंदा करतोय, त्यामुळे थोडं लांबेल.

ती लाल खिडकी म्हणजे व्हायरस नाही. ते एक वेब पान असतं, बस. कुठल्यातरी साइटवर चुकीच्या जाहिरातीवर बोट पडतं, पान पूर्ण पडदा व्यापतं, आवाज सुरू करतं आणि आपल्याला वाटतं की खुद्द विंडोजच बोलतंय. विंडोजच्या खऱ्या इशाऱ्यात कधीही फोन नंबर नसतो. ही एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना पाठ करून ठेवा. पुन्हा आलीच, तर एस्केपचं बटण दोन-तीन सेकंद दाबून धरा, पूर्ण पडदा सुटतो. नाही सुटला तर कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि तिथून ब्राउझर बंद करा. पुढच्या वेळी ब्राउझर उघडल्यावर ‘मागची पानं परत उघडू का’ असं विचारतो, त्याला नाही म्हणा. इथे बरेच जण हो म्हणतात आणि भोंगा परत सुरू.

खिडकी तशी नसून उजव्या कोपऱ्यातून छोट्या चिठ्ठ्या येत असतील, ‘तुमचं अँटिव्हायरस संपलं’, ‘पाच व्हायरस सापडले’ अशा, तर त्याचं कारण आणखी साधं आहे. कधीतरी एखाद्या साइटने ‘सूचना पाठवू का?’ विचारलं आणि तुम्ही ‘अलाव’ दाबलं. क्रोमच्या सेटिंगमध्ये जाऊन साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी दिलेल्या साइटची यादी दिसेल. ओळखीची नसेल ती काढून टाका. या कामाला पाच मिनिटं लागतात. याच कामाचे ‘व्हायरस रिमूव्हल’ म्हणून पैसे घेणारे आहेत. बाहेरच्यांना कशाला नावं ठेवू, सुरुवातीला आम्हीही घेतलेत.

फोन केला असता तर काय झालं असतं, तेही सांगतो, कारण गंगापूर रोडच्या एका काकांनी केला होता. पलीकडे गोड बोलणारा माणूस. त्याने काकांना एनीडेस्क, म्हणजे दुरून संगणक चालवायचं सॉफ्टवेअर, उतरवायला लावलं, त्यावर आलेला आकडा वाचून घेतला आणि लॅपटॉपचा ताबा घेतला. मग विंडोजमधलं इव्हेंट व्ह्यूअर उघडून त्याने काकांना लाल फुल्यांची लांबच लांब यादी दाखवली. ‘हे बघा, एवढे व्हायरस!’ आता ही यादी कुठल्याही धडधाकट मशीनमध्ये उघडा, लाल फुल्या असतातच. एखादी सेवा दोन सेकंद उशिरा सुरू झाली तरी विंडोज तिथे नोंद करतं. पण काका निवृत्त हिशेबनीस, लाल खूण म्हणजे चूक हे त्यांच्या रक्तात. ‘लाइफटाइम सुरक्षा’ घ्यायला ते तयारही झाले. नेट बँकिंगचं पान उघडलं, ओटीपी आला, आणि तेवढ्यात काकू चहा घेऊन आत आल्या. म्हणाल्या, ‘अहो, हा बाण कोण हलवतोय?’ काकांनी दचकून वायफायचं बटणच बंद केलं.

मी पोचलो तेव्हा लॅपटॉप टेबलावर उलटा घालून ठेवला होता, जणू झुरळ दाबून धरलंय. नेट न लावता आधी एनीडेस्क काढलं. मागे आणखी काही ठेवून गेलेत का, ते पाहायला स्टार्टअपची यादी आणि टास्क शेड्युलर तपासलं. त्यांनी आपोआप सुरू होणारं दुसरं एक रिमोट सॉफ्टवेअर टाकलं होतंच. मेल आणि बँकेचे पासवर्ड काकूंच्या मोबाइलवरून बदलायला लावले, त्या लॅपटॉपवरून नाही. बँकेला फोन केला. पैसे गेले नव्हते. गेले असते तर पहिलं काम १९३० हा नंबर लावणं. आर्थिक सायबर फसवणुकीसाठीचा हा सरकारी हेल्पलाइन नंबर. तिथे जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त. घरातल्या माणसांना विचारू की नको, मुलगा रागावेल का, यात लोकांचे दोन-दोन तास जातात, आणि तेच महागात पडतात.

आता तुमचा लॅपटॉप हळू का झाला. न बघता छातीठोक सांगणं आमच्या धंद्यात पाप आहे, पण २०१९ सालचा साधा लॅपटॉप म्हटला की आत बहुतेक वेळा एक टीबीची फिरती हार्ड डिस्क आणि चार जीबी रॅम निघते. विंडोज १० त्या फिरत्या डिस्कला जड जातं. टास्क मॅनेजर उघडा आणि काहीच काम चालू नसताना ‘डिस्क’ या रकान्याकडे बघा. तिथे ९९, १०० टक्के असा आकडा सुरू झाल्यावरही बराच वेळ हलत नसेल, तर व्हायरसवर संशय घेण्याआधी डिस्कवर घ्या. माझ्याकडे ‘व्हायरस आलाय, फार स्लो झालंय’ म्हणून येणाऱ्या मशीनपैकी खरा व्हायरस असलेली थोडी. बाकीच्यांत डिस्क थकलेली असते, पंख्यात धुळीची गादी बसलेली असते, किंवा तीन-तीन अँटिव्हायरस एकमेकांच्या उरावर बसलेले असतात.

डिस्क थकली आहे की मरायला टेकली आहे, हा फरक मात्र जीवन-मरणाचा. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर ती नोंद वाचून दाखवतं: निळं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे जपा, लाल म्हणजे गेली. पिवळं दिसलं तर त्या क्षणी बाकी सगळं थांबवून आधी फोटो आणि हिशेब बाहेर काढायचे. अशा डिस्कवर ‘चेक डिस्क’ हे विंडोजचं डिस्क तपासायचं साधन चालवणं म्हणजे पाय मोडलेल्या माणसाला पळवून बघणं. आणि डिस्कमधून टक्-टक् असा ठराविक आवाज येत असेल, तर लॅपटॉप बंद करा आणि बंदच ठेवा. आतली सुई चकतीवर घासत असू शकते, प्रत्येक वेळी सुरू केलं की आणखी थोडा डेटा खरवडला जातो. अशी डिस्क उघडण्याचं काम धूळमुक्त खोलीत होतं, टेबलावर नाही. ‘उघडून बघतो’ म्हणणाऱ्याच्या हातातून ती परत घ्या.

डिस्क नुसती थकलेली असेल तर उपाय आनंदाचा आहे. एसएसडी, म्हणजे आत काहीच फिरत नाही अशी वेगवान डिस्क, बसवायची. आणि जुनी डिस्क जशीच्या तशी नव्या एसएसडीवर उतरवता येते, त्याला आम्ही क्लोन करणं म्हणतो. तुमचा डेस्कटॉप, तुमचे फॉन्ट, प्रिंटर, सगळं होतं तिथेच राहतं. म्हणजे फॉर्मॅट नाहीच. सोबत रॅम चारची आठ केली तर हाच लॅपटॉप आणखी काही वर्षं सोसायटीचे हिशेब आरामात करेल. जुनी डिस्क टाकू नका, एका साध्या केसिंगमध्ये घालून तिची बॅकअपसाठी बाहेरची डिस्क होते. तिची तब्येत निळी असेल तरच, अर्थात.

भाच्याच्या ‘फॉर्मॅट मार’बद्दल. ताई, फॉर्मॅट हे औषध आहे, पण आमच्या धंद्यात ते तापावर, खोकल्यावर आणि मोडलेल्या हातावर एकच दिलं जातं. करणाऱ्याला सोपं, दीड तास मशीन लावून ठेवायचं आणि दुसरं काम करायचं. कारण शोधायला डोकं लागतं, त्याचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. डिस्क खराब असताना फॉर्मॅट मारलं तर पंधरा दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच.

आणि काय-काय जातं, ते फॉर्मॅट मारणाऱ्यालाही ठाऊक नसतं. हे मी स्वतःच्या पैशाने शिकलोय. २००४ साल, मी नवा होतो. रविवार कारंजाजवळ लग्नपत्रिका छापणारा एक छोटा प्रेस. मशीनच्या डिस्कचे सी आणि डी असे दोन कप्पे, विंडोज सी मध्ये. मालक म्हणाले, ‘सगळं डी मध्ये आहे, सी बिनधास्त उडव.’ मी उडवलं. डी मधल्या फाइली शाबूत होत्या. उघडल्या, तर ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरं, डॉलर, कंस आणि टोप्या. श्री-लिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचे फॉन्ट सी मध्ये होते. त्या काळी प्रेसमध्ये मराठी सहसा युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येईल अशा पद्धतीने, टाइप होत नसे, फॉन्ट नाही तर मजकूरही नाही. सीडी सापडेना, डोंगल (सॉफ्टवेअर चालायला मशीनला लावायची छोटी किल्ली) होता पण तो कुठल्या खणात हे आठवेना. वर त्यांची सगळी मेल आउटलुक एक्स्प्रेसमध्ये, म्हणजे तीही सी मध्येच. ती गेली ती गेलीच. ऐन लग्नसराईत तीन दिवस मशीन बंद. मालक मला एक शब्दही बोलले नाहीत, फक्त रोज सकाळी दुकानाबाहेर स्टुलावर बसून राहायचे. मी त्या कामाचे पैसे घेतले नाहीत, आणि त्या दिवसापासून कुठल्याही मशीनला हात लावण्याआधी माझा पहिला प्रश्न ठरलेला: डेटा कुठे आहे, आणि आणखी कुठे आहे?

तुमच्या ‘भरवशाचा माणूस कसा ओळखायचा’ला माझं उत्तर हेच. पाटी, दुकानाची काच, गूगलवरचे तारे यांपेक्षा त्याचा पहिला प्रश्न ऐका. ‘काय झालंय, कधीपासून, शेवटी नवीन काय टाकलं होतं, आत महत्त्वाचं काय आहे, त्याची दुसरी प्रत आहे का’ असं विचारणारा माणूस धरा. मशीन सुरूही न करता ‘आठशे होतील, संध्याकाळी या’ म्हणणाऱ्याला नमस्कार करा. चांगला माणूस तुमच्या घरच्या डॉक्टरसारखा खोदून विचारतो. टॅली आहे का, त्याचा डेटा कुठल्या फोल्डरला जातो? डिजिटल सही असलेलं टोकन वापरता का? मराठी कशात टाइप करता? आउटलुक आहे का? हिशेब बघणाऱ्या माणसाकडे यातलं निम्मं तरी असतंच.

दुसरी खूण विंडोजची. ‘ओरिजिनल टाकू की नॉर्मल?’ असं कुणी विचारलं तर ‘नॉर्मल’ म्हणजे क्रॅक, परवान्याचं कुलूप तोडलेली चोरीची प्रत, हे समजून घ्या. क्रॅक चालवायला अँटिव्हायरस आधी बंद करावं लागतं. म्हणजे दार स्वतःच उघडून चोराला ‘या, बसा’ म्हणायचं. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या ‘स्टॉप’ नावाच्या रॅन्समवेअरचा प्रसार मुख्यतः अशा क्रॅक आणि चोरीच्या सॉफ्टवेअरमधूनच झाला. शिवाय क्रॅकची गरजच नाही. विंडोजसह विकत घेतलेल्या लॅपटॉपची परवान्याची किल्ली साधारणपणे त्याच्या बोर्डावरच नोंदलेली असते, तीच आवृत्ती पुन्हा टाकली की नेट लावताच ती आपोआप चालू होते. तुमचा लॅपटॉप तसाच असणार.

तिसरी खूण कागदाची. मशीन ठेवून घेताना पावती मागा आणि तिच्यावर मॉडेल, सीरियल नंबर, रॅम किती, डिस्क कोणती आणि किती जीबीची, सोबत काय दिलं, तक्रार काय, हे लिहून घ्या. रॅम काढून कमी क्षमतेची बसवल्याच्या गोष्टी ऐकल्या असतील, त्यातल्या सगळ्याच खोट्या नसतात. बदललेला जुना पार्ट परत मागा, त्यात संकोच नको. डिस्क तर हमखास परत घ्या, बिघडलेली असली तरी, कारण तिच्यात तुमचे फोटो आहेत. पक्कं बिल असेल तर पुढे वाद झाल्यावर ग्राहक आयोगाकडे जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या रकमेच्या तक्रारीला तिथे फी नाही. बिलाशिवाय मात्र हातात काहीच राहत नाही.

घरी की दुकानात? सॉफ्टवेअरचं काम, प्रिंटर, वायफाय, एसएसडी-रॅम बदलणं, हे सगळं घरी, तुमच्या डोळ्यांदेखत. इंदिरानगर, सिडको, पंचवटी, नाशिकरोड, कुठेही घरी येणारे लोक आहेत. मी येण्याचे तीनशे घेतो आणि काम झालं तर ते कामाच्या पैशात वळते करतो. बाकीच्यांचे दर थोडे इकडेतिकडे. येण्याआधी फोनवरच विचारून घ्या: येण्याचे किती, काही निघालं नाही तर किती, पार्ट लागला तर तुम्ही आणणार की मी. एसएसडीचा भाव सतत वर-खाली होतो, तेव्हा आदल्या दिवशी ऑनलाइन भाव बघून ठेवा. स्थानिक माणूस दोन-तीनशे जास्त घेत असेल तर घेऊ द्या. वॉरंटीत बिघडली तर तोच बदलून आणणार आहे.

बोर्डाचं काम मात्र घरी होत नाही. लॅपटॉप डेड आहे, चार्ज होत नाही, डिस्प्लेच येत नाही, चहा सांडलाय, अशा कामाला मायक्रोस्कोप, हॉट एअर, मीटर असं टेबल लागतं, त्याला आम्ही चिप लेव्हल म्हणतो. एम.जी. रोड, कॉलेज रोड, नाशिकरोडला अशी माणसं आहेत आणि त्यातल्या काहींचे हात खरोखर सोन्याचे आहेत. तुमच्या शेजाऱ्यांचा सल्ला चुकीचा नाही, फक्त तो या कामासाठीचा आहे. एक गंमत सांगतो. दर्शनी भागात काच-एसी असलेली कित्येक दुकानं स्वतः बोर्ड उघडतच नाहीत, ती मागच्या गल्लीतल्या कारागिराकडे पाठवतात. त्यात वाईट काही नाही. पण ‘हे काम तुमच्या इथेच होतं का?’ असं सरळ विचारा. उत्तर देताना तो घुटमळला, तर तुमची डिस्क काढून घरी ठेवा आणि नुसता बोर्ड द्या. बोर्ड दुरुस्त करायला कुणालाही तुमचे फोटो लागत नाहीत.

वॉरंटी शिल्लक असेल तर कंपनीच्या अधिकृत केंद्राशिवाय कुणाला स्क्रू काढू देऊ नका. तुमची कधीच संपली असेल.

बॅटरी फुगून तळाचा पत्रा किंवा टचपॅड वर आलं असेल तर ते आधी. तसा लॅपटॉप चार्जिंगला लावायचा नाही, फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची तर मुळीच नाही.

खरा व्हायरस आला तर काय, हेही विचारलंत असं धरतो. नाशिकमध्ये मला तो मुख्यतः दोन वाटांनी येताना दिसतो. पहिली वाट झेरॉक्सच्या दुकानातला पेन ड्राइव्ह. प्रिंट काढून घरी आलात, ड्राइव्ह लावला, तर सगळ्या फोल्डरच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट, वर छोटा बाण. पूर्वी पेन ड्राइव्ह नुसता लावला की आतलं आपोआप चालू व्हायचं, विंडोज ७ पासून मायक्रोसॉफ्टने ते बंद केलं. मग व्हायरस लिहिणाऱ्यांनी तुमच्याच बोटाचा उपयोग करून घेतला. खरे फोल्डर लपवायचे, त्यांच्या नावाचा खोटा शॉर्टकट ठेवायचा, तुम्ही डबल क्लिक केलंत की तो आधी स्वतःची प्रत मशीनमध्ये टाकतो आणि मग निमूटपणे तुमचा फोल्डर उघडून दाखवतो. त्यामुळे काही झालंय याचा पत्ताही लागत नाही. फाइली गेलेल्या नसतात, नुसत्या लपवलेल्या असतात. पेन ड्राइव्ह फॉर्मॅट करू नका. आधी मशीन साफ करायची, मग लपलेल्या फाइली दिसत्या करायच्या, हा क्रम. उलटं केलंत तर ड्राइव्ह पुन्हा बाधित. आणि झेरॉक्सवाल्याला पेन ड्राइव्हऐवजी मेल किंवा व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवायची सवय लावा, हा साधा मार्ग.

सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींतल्या वर्कशॉपमध्ये याच पेन ड्राइव्हने जास्त घात होतो. सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमावर धातू कापणाऱ्या, मशीनशेजारी एखादा जुना पीसी असतो, अजून विंडोज एक्सपीवर, कारण त्याचं सॉफ्टवेअर नव्यावर चालत नाही. प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून फिरतात. उन्हाळ्यात एकाचं कॅबिनेट उघडलं, तर पंख्यावर तेलात मळलेली काळी पेस्ट, आणि तिच्यात चमचमणारी लोखंडाची भुकटी. घरची धूळ फक्त गरम करते, ही भुकटी वीज वाहते, बोर्ड शॉर्ट होतो. त्यांना मी सांगतो: हा पीसी नेटला कधीच जोडू नका, त्याच्यासाठी रंगीत दोरी बांधलेला एकच पेन ड्राइव्ह ठेवा, तो आधी ऑफिसच्या मशीनमध्ये तपासा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा रॅन्समवेअर जगभर पसरला तेव्हा त्याला अडवणारा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता. दोन महिने लोकांनी अपडेट ‘नंतर’वर टाकला होता. एक्सपीला तर तोवर नियमित अपडेट बंद होऊनही तीन वर्षं झाली होती.

दुसरी वाट म्हणजे फुकटची सॉफ्टवेअर, पीडीएफ कन्व्हर्टर, गाणी उतरवायची साधनं, आणि मेलमधून आलेलं ‘बिल’. हल्लीचा व्हायरस मशीन बंद पाडत नाही. गुपचूप ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलतो आणि निघून जातो. म्हणून मशीन साफ झाल्यावर पासवर्ड बदलणं हा दुरुस्तीचाच भाग. ते न सांगता निघून जाणाऱ्या कारागिराने काम अर्धवट सोडलं असं समजा.

तपासणी तुम्ही स्वतःही करू शकता. विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’, तिथे ‘स्कॅन ऑप्शन्स’, आणि सगळ्यात खालचं ‘ऑफलाइन स्कॅन’. आधी चालू काम सेव्ह करा. लॅपटॉप स्वतःच बंद होऊन चालू होतो आणि विंडोज उठण्याआधी तपासतो, त्यामुळे लपून बसलेलंही सापडतं. साधारण पाव तास. तुमच्या डिस्कवर जास्त लागेल. सरकारचं सायबर स्वच्छता केंद्रही आहे, २०१७ पासून, त्याच्या संकेतस्थळावर सफाईची साधनं फुकट मिळतात.

विकतचं अँटिव्हायरस घ्यावं का? तुमच्यासारख्या वापराला विंडोजसोबत येणारं डिफेंडर हे अँटिव्हायरस पुरतं, असं माझं मत आहे आणि यावर माझं रोज भांडण होतं, कारण अँटिव्हायरस विकण्यात दुकानाला सुटतं. घ्यायचंच तर एकच घ्या आणि जुनं पूर्ण काढून. क्विक हीलबद्दल मात्र मला थोडा आपलेपणा आहे, हे कबूल. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या कैलास काटकरांच्या दुकानात संगणक दुरुस्तीला येऊ लागले, त्यांतले व्हायरस काढायला धाकटे भाऊ संजय यांनी प्रोग्राम लिहिले आणि त्यातून ती कंपनी उभी राहिली. दुरुस्तीच्या टेबलावरून इतकं मोठं काही निघतं, हे आम्हा लोकांना बरं वाटतं.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमच्या लॅपटॉपचा प्रोसेसर इंटेलचा, आठव्या पिढीचा किंवा पुढचा असेल तर एसएसडी बसवताना विंडोज ११ करून घ्या. सातव्या पिढीचा निघाला तर ते सहसा अधिकृतपणे चढत नाही, मग बँकेचं काम त्यावर नको.

आणि कुणाच्याही हातात देण्याआधी तुम्ही घरी करायच्या गोष्टी. हिशेबाचं आणि फोटोंचं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवा, उतरलंय का ते दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. नुसतं कॉपी झालेलं दिसणं पुरत नाही. ब्राउझरमधून बँक आणि मेलमधून साइन आउट करा. मग तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्कवरच्या कुलपाची, रिकव्हरी की आहे का ते बघा, ४८ आकडी असते. असेल तर वहीत उतरवा. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद असते, मालकाला पत्ताही नसतो. बोर्ड बदलला किंवा बायोसला (बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरला) हात लागला की सुरू होताना एक निळा पडदा ते ४८ आकडे मागतो, आणि ते नसतील तर जगातला कुठलाही कारागीर ते कुलूप उघडू शकत नाही. गेल्या पावसाळ्यात एका मुलाचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट असाच आत राहिला. डिस्क धडधाकट होती.

कारागिराला पासवर्ड सांगावा लागतो, त्याला इलाज नाही. काम झाल्यावर तो बदला. घरी आलेला असेल तर शेजारी बसा, त्याला ते आवडलं नाही तरी.

दुकानात नेणार असाल तर चार्जर सोबत घ्या. निम्मे लोक विसरतात, मग ‘चार्ज होत नाही’ हे आम्ही कशाने बघायचं?